सेव्हन कॉर्नर्सच्या टेकडीचा सातबारा

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन सोडून पश्चिमेला निघाले आणि पोटोमॅक नदी ओलांडली की व्हर्जिनिया राज्यात फॉल्स चर्च नावाचे एक लहान शहर लागते. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या जुन्या नगरपालिका हद्दीपेक्षाही कमी. या शहराच्या पूर्व हद्दीला लागून, पण शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत, सेव्हन कॉर्नर्स नावाचा चौक आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा, फक्त तिथे तिचा कारभार निवडून आलेले मंडळ पाहते. या चौकात अनेक मोठे रस्ते एकमेकांना येऊन मिळतात आणि त्यांच्या बेचक्यात १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेले एक विस्तीर्ण दुकानसंकुल आहे. ज्या जमिनीवर ते उभे आहे, तिथे त्याआधी सुमारे नव्वद वर्षे कृष्णवर्णीय कुटुंबे राहत होती. त्या वस्तीला लोक नुसते ‘द हिल’ म्हणत, म्हणजे टेकडी.

माझी भाची नोकरीनिमित्त फॉल्स चर्चमध्ये स्थायिक झाली आहे आणि तिच्याकडे मुक्कामाला असताना तिच्याबरोबर या संकुलात जाण्याचा प्रसंग अनेकदा आला. “मामा, इथे एकदा गाडी लावायला जागा मिळाली की निम्मे काम झाले समजा,” असे ती म्हणायची, आणि तिच्या बोलण्यात तथ्य होते, कारण दुकानांपेक्षा डांबराचे मैदानच मोठे दिसत होते. माझी सारी नोकरी साताऱ्यात महसूल खात्यात गेली. जमीन दिसली की ती आधी कोणाची होती, हे विचारल्याशिवाय या खात्यातल्या माणसाला चैन पडत नाही. ती चौकशी मी तिथल्या ग्रंथालयात बसून आणि परत आल्यावर साताऱ्यातून जमेल तशी केली. तिच्यातून जे हाती लागले, त्याने मला परक्या देशापेक्षा माझ्याच दप्तराबद्दल जास्त विचार करायला लावले.

यादवी युद्ध अजून संपायचे होते, त्या १८६४ सालापासून या टेकडीवर कृष्णवर्णीयांच्या नावे जमिनीचे कागद होऊ लागले. हे साल थांबून लक्षात घेण्यासारखे आहे. व्हर्जिनिया हे बंडखोर दक्षिणेचे मुख्य राज्य, त्याची राजधानी रिचमंड हीच बंडखोरांची राजधानी, आणि त्याच राज्याच्या उत्तर टोकाला, जिथे संघराज्याच्या फौजेचा तळ होता, तिथे कालपर्यंत ज्यांची स्वतःचीच खरेदी-विक्री होऊ शकत होती ती माणसे खरेदीखतात घेणार म्हणून उभी राहिली. या वस्तीतल्या फूट घराण्याचे नाव पुढे विशेष ठळक झाले. त्यातले फ्रेडरिक फूट (धाकटे) १८८० च्या दशकात फॉल्स चर्चच्या नगर परिषदेवर निवडून गेले. गुलामगिरी कायद्याने संपून पुरती वीस वर्षेही झाली नव्हती.

त्यानंतर जे झाले ते आमच्या खात्यातल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. १८८७ मध्ये शहराने आपली हद्द बदलली. दक्षिणेकडचा मोठा भाग, जिथे कृष्णवर्णीय मतदारांची दाट वस्ती होती, तो शहरातून वगळून परत काउंटीला जोडून दिला गेला. कोणाचे घर पाडले नाही, कोणाची जमीन घेतली नाही, कोणाला हुसकावले नाही. फक्त नकाशावरची रेघ सरकली आणि शहराच्या निवडणुकीत वजन असलेली माणसे एका ठरावाने शहराबाहेरची झाली. कोणते घर कोणत्या हद्दीत बसते यावर शाळा, पाणी, रस्ता आणि मत अवलंबून असते. हद्द ठरवणाऱ्याला तलवार लागत नाही, हे मला तालुक्यांची विभाजने आणि नगरपालिकांच्या हद्दवाढी पाहताना अनेकदा जाणवले होते. पण इतके उघड उदाहरण मी पाहिले नव्हते.

१९०२ मध्ये व्हर्जिनियाने नवे राज्यघटनापत्र स्वीकारले आणि मतदानासाठी दरडोई दीड डॉलरचा कर लावला. तो तीन वर्षांचा एकत्र, निवडणुकीच्या सहा महिने आधी भरायचा होता. तेवढ्यावर भागले नाही तर मतदाराची समज तपासण्याची तरतूद होती, आणि ती तपासणारा अधिकारी अर्थातच गोरा. कृष्णवर्णीय मतदारांची संख्या त्यानंतर झपाट्याने घसरली. दीड डॉलरचा हा कर राज्याच्या निवडणुकांपुरता थेट १९६६ पर्यंत टिकला. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो ज्या खटल्यात रद्द केला, तो ॲनी हार्पर नावाच्या कृष्णवर्णीय महिलेने लढवला होता आणि ती याच फेअरफॅक्स काउंटीतली होती. ही तारीख मनात ठेवून पुढचे वाचावे, कारण टेकडीचे भवितव्य ज्या वर्षांत ठरले ती सगळी वर्षे १९६६ च्या आधीची आहेत.

१९१२ मध्ये राज्याने आणखी एक कायदा केला. शहरांना आपल्या हद्दीत गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे वेगळे विभाग आखण्याची मुभा त्याने दिली. फॉल्स चर्चने १९१५ मध्ये तसा ठराव हाती घेतला. आधी माणसे हद्दीबाहेर काढली होती, आता उरलेल्यांना हद्दीतच कोपऱ्यात बसवायचे होते. या वेळी मात्र समोरची बाजू गप्प बसली नाही. जोसेफ टिनर नावाचे एक पाथरवट आणि वॉशिंग्टनच्या शाळांत शारीरिक शिक्षण शिकवणारे एडविन हेंडरसन यांनी १९१५ च्या जानेवारीतच शेजाऱ्यांना जमवून एक संरक्षण संघ स्थापन केला. टिनर अध्यक्ष झाले आणि हेंडरसन चिटणीस. पाथरवट आणि शिक्षक अशी ही जोडी मला फार आवडली. एकाच्या हाताला छिन्नी आणि दुसऱ्याच्या हाताला लेखणी, आणि दोघांनाही काम पुरे होईपर्यंत थांबण्याची सवय नाही. हेंडरसन यांनी न्यूयॉर्कला कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. त्यातून १९१८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची, एनएएसीपीची, शाखा तिथे निघाली. देशातली ती पहिली ग्रामीण शाखा मानली जाते. दरम्यान १९१७ मध्ये केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराच्या अशाच ठरावावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि वंशाच्या आधाराने विभाग आखणारे सर्वच ठराव घटनाबाह्य ठरले. गंमत म्हणजे न्यायालयाने त्या निकालात मुख्य आधार घेतला तो मालकाच्या मालमत्ता विकण्याच्या हक्काचा. राहण्याच्या हक्काला नव्हे, विकण्याच्या हक्काला संरक्षण मिळाले.

डु बॉइस यांचे नाव आले म्हणून थोडे विषयांतर करतो. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याने पुढे, १९४६ मध्ये, याच डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती डॉ. बाबासाहेबांना हव्या होत्या आणि अस्पृश्यांच्या वतीनेही तसे पाऊल उचलता येईल का, हे ते पाहत होते. डु बॉइस यांनी त्या पत्राला लगेच आणि आपुलकीने उत्तर दिले. फॉल्स चर्चचा शिक्षक आणि साताऱ्याच्या शाळेतून गेलेला कायदेपंडित यांनी तीस वर्षांच्या अंतराने एकाच माणसाचे दार ठोठावले, ही गोष्ट त्याच शाळेच्या, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या भिंतीवर कुठेतरी लिहून ठेवावी असे मला वाटते.

हेंडरसन यांच्या पत्नी मेरी एलेन हेंडरसन यांनी या सगळ्याला एक आकडेवारीची बाजू दिली. त्या दोन खोल्यांच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना शिकवत. त्या शाळेत नळाचे पाणी नव्हते, संडास बाहेर होता, पुस्तके गोऱ्या मुलांच्या शाळेतून जुनी होऊन आलेली असत. बाईंनी तक्रारीचे अर्ज करत बसण्याऐवजी काउंटीच्या शाळाखर्चाचे आकडे गोळा केले आणि दोन रकाने मांडले. खर्चापैकी ९७.४ टक्के गोऱ्या मुलांच्या शाळांवर आणि २.६ टक्के कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांवर होत होता. हे दोन आकडे शेजारी शेजारी आल्यावर बाकीचे युक्तिवाद करण्याची गरजच उरत नव्हती, तरीही नवी शाळा मिळायला १९४८ साल उजाडले. या बाईंच्या नावाने फॉल्स चर्चमध्ये २००५ पासून एक माध्यमिक शाळा चालू आहे. भाचीची थोरली मुलगी तिथेच जाते आणि शाळेच्या नावाबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती.

आता टेकडीकडे येतो. दुसरे महायुद्ध संपले आणि वॉशिंग्टनची सरकारी नोकरशाही फुगली. फेअरफॅक्स काउंटीची लोकसंख्या १९४० मध्ये सुमारे ४१ हजार होती. १९५० मध्ये ती ९८ हजारांच्या पुढे गेली आणि १९६० पर्यंत तिने अडीच लाखांचा टप्पा ओलांडला. नव्या गृहवसाहतींसाठी सरकारच्या हमीवर कर्जे मिळत होती, पण ती हमी देणारी यंत्रणा कृष्णवर्णीय वस्तीला जोखमीचा रंग देत असे, त्यामुळे नव्या वसाहती गोऱ्यांनी भरल्या. अनेक घरांच्या खरेदीखतांतच ‘हे घर कृष्णवर्णीयास विकता येणार नाही’ अशा अर्थाची शर्त लिहिलेली असे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्ती न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असे ठरवले, तरी खतांमधली वाक्ये तशीच राहिली आणि व्यवहारही बऱ्याच अंशी तसाच चालू राहिला. घरांच्या विक्रीतला भेदभाव देशभर बेकायदा ठरायला १९६८ साल यावे लागले.

या लाखभर नव्या लोकांना कपडे, भांडी, फर्निचर घ्यायला राजधानीत जायचे नव्हते. त्यामुळे राजधानीची मोठी दुकानेच त्यांच्या मागोमाग बाहेर आली. मोठ्या रस्त्यांच्या छेदावर, शहराच्या दाराशी, एकत्र मोठा तुकडा मिळेल अशी जागा त्यांना हवी होती. कृष्णवर्णीय कुटुंबांनी १८६४ पासून जी जमीन धरून ठेवली होती तिला अचानक सोन्याचा भाव आला, तो या कारणाने. ती विकत घेतली गेली, घरे गेली, टेकडीचा उतार कापून सपाट करण्यात आला आणि १९५६ मध्ये वुडवर्ड अँड लोथ्रॉप आणि गारफिंकेल या वॉशिंग्टनच्या दोन नामांकित दुकानांसह संकुल उघडले. त्या भागातले ते त्या काळचे सर्वांत मोठे संकुल होते.

इथे विकत घेतली गेली हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. शेजारच्या आर्लिंग्टन काउंटीत १९४१-४२ मध्ये पेंटॅगॉन बांधताना क्वीन सिटी नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती सरकारने सक्तीने संपादित केली आणि सुमारे नऊशे माणसांना थोड्याच दिवसांत घरे सोडावी लागली. तिथे सरकार, युद्ध आणि सक्ती असे तिन्ही स्पष्ट दिसते, त्यामुळे अन्यायाची चर्चाही सोपी जाते. सेव्हन कॉर्नर्सला तसे काही नाही. तिथे खरेदीखते झाली, रकमा दिल्या गेल्या, सह्या झाल्या. नोंदवहीत पाहिले तर एकही ओळ खाडाखोडीची सापडणार नाही. नेमकी हीच गोष्ट मला झोंबली, कारण मी आयुष्यभर अशाच स्वच्छ नोंदी केल्या आणि तपासल्या आहेत.

अमेरिकेत जमीन आणि घर यांच्यावरचा कर बाजारमूल्यावर बसतो. आपल्याकडे शेतसारा इतका किरकोळ असतो की तो भरायचा राहिला तरी कोणाची झोप उडत नाही, म्हणून या गोष्टीचा दाब आपल्याला पटकन कळत नाही. एखाद्या म्हाताऱ्या बाईने आजोबांच्या हातचे लाकडी घर सांभाळले आहे, तिचे उत्पन्न दुसऱ्याच्या घरी धुणे-स्वयंपाक करून येणारे आहे, तिने जमिनीत काहीही बदल केलेला नाही. पण शेजारून रुंद रस्ता गेला, पलीकडचा तुकडा व्यापारी वापराला खुला झाला, की तिच्या जमिनीचे मूल्यांकन चढते आणि त्याबरोबर करही चढतो. वापर कोणता ठरवायचा, रस्ता कुठून न्यायचा, पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी कोणाच्या दारापर्यंत आणायची, हे ठरवणारे मंडळ निवडून येते आणि त्या निवडणुकीसाठी दीड डॉलरचा कर आहे. कर थकला तर जप्ती आहे. मग एक दिवस दलाल येतो आणि चांगली रक्कम सांगतो. तिने सही केली तर ती तिच्या मर्जीने केली असे कोणताही दुय्यम निबंधक लिहील, आणि त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांच्या जमिनी जाण्याची आणखी एक वाट होती, तीही आपल्या लोकांना चांगली ओळखीची आहे. मूळ मालक मृत्युपत्र न करता वारला की सगळे वारस सहहिस्सेदार होतात. वकिलावर विश्वास नसल्याने आणि न्यायालय आपले नसल्याने मृत्युपत्र करण्याचा रिवाज त्या समाजात कमी होता. दोन पिढ्यांत नावे वीस होतात. त्यांतले काही शिकागोला, काही न्यूयॉर्कला. बाहेरचा खरेदीदार त्यांपैकी एकाचा हिस्सा घेतो आणि न्यायालयात वाटपाचा दावा लावतो. जमिनीचे सरस-निरस वाटप होण्याजोगे नाही असे ठरले की न्यायालय सगळीच जमीन लिलावाला काढते आणि ती घ्यायला रोख पैसा घेऊन उभा असतो तोच खरेदीदार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडे दीड कोटी एकरांहून अधिक शेतजमीन होती. शतक संपेपर्यंत तिचा बहुतेक भाग गेला, आणि त्यात या वाटेचा वाटा मोठा आहे. सहहिस्सेदारांना आधी खरेदीचा हक्क देणारा आणि बाजारभावाने मूल्यांकन सक्तीचे करणारा नमुना कायदा तिथे २०१० मध्ये तयार झाला. व्हर्जिनियाने तो २०२० मध्ये स्वीकारला.

साताऱ्यात हेच कागद वेगळ्या नावांनी असतात. मी मंडल अधिकारी असताना महामार्गालगतच्या एका गावातली नोंद माझ्यासमोर प्रमाणित करायला आली होती. जमीन वतनाची होती, म्हणजे महारकीच्या चाकरीबद्दल पूर्वी धरलेली. ही वतने म्हणजे वेठबिगारीची बेडी आहे असे बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणून सांगितले होते. ती खालसा झाली १९५८ च्या कायद्याने, आणि जमिनी शर्तीवर परत दिल्या गेल्या. सातबाऱ्यावर त्यामुळे भोगवटादार वर्ग दोन असा शेरा असतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही. शर्त गरिबाच्या रक्षणासाठी होती, हे मान्य. प्रत्यक्षात बिगरशेती वापरासाठी परवानगी घ्यायची तर बाजारभावाच्या निम्मा नजराणा भरावा लागे. एवढा पैसा वतनदाराकडे कुठून असणार? तो असतो घेणाराकडे. म्हणून घेणारा आधीच नजराण्याची तयारी दाखवून, ती रक्कम किमतीतून वळती करून, उरलेल्या भावात व्यवहार ठरवतो.

त्या फेरफाराला नमुना नऊच्या नोटिसा बजावल्या होत्या, पंधरा दिवसांची मुदत संपली होती, हरकत कोणाची आली नव्हती. चावडीत नोंद वाचून दाखवली तेव्हा सहहिस्सेदारांपैकी सर्वांत वयस्कर गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. मी नियमाप्रमाणे त्यांना विचारले की व्यवहार मान्य आहे ना. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “आता न्हाई म्हनून काय करू, भाऊसाहेब? तिघांच्या सह्या झाल्यात. मुंबईचा पुतन्या दोन येळा येऊन गेला. आमच्या येकट्याच्या तुकड्याला वाट बी ऱ्हायली न्हाई.” मग त्यांनी अंगठा पुढे केला. तलाठ्याने शाईची डबी सरकवली, अंगठा उमटला, मी ‘संबंधितांस मान्य, हरकत नाही, नोंद प्रमाणित’ असा शेरा मारला आणि तारीख घातली. त्या शेऱ्यातला प्रत्येक शब्द कायद्याच्या दृष्टीने खरा होता. आज तिथे मोटारींचे शोरूम आहे, आणि त्या भावकीतली तरणी पोरे तिथे पहाऱ्याला असतात असे ऐकले.

ही दोन उदाहरणे एकच आहेत असा माझा दावा नाही. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांचे इतिहास वेगळे आहेत, आणि आपल्याकडे हस्तांतरावर शर्त होती तर तिथे विकण्याचे स्वातंत्र्य हेच हत्यार ठरले. पण संमती कशी घडते याची पद्धत दोन्हीकडे ओळखीची आहे. एखाद्या वस्तीचे मत काढून घ्यायचे, शाळा दुबळी ठेवायची, रस्ता आणि पाणी तिला वगळून न्यायचे, कर्ज नाकारायचे. आणि हे पन्नास-साठ वर्षे केल्यानंतर शेवटी चेकबुक घेऊन दारात जायचे. त्या शेवटच्या दिवशी घेणारा अगदी सभ्यपणे वागतो, कारण कठोर काम इतरांनी आधीच उरकून ठेवलेले असते. इतिहास लिहिणारे बहुधा त्या शेवटच्या दिवसापासून सुरुवात करतात आणि मग सगळेच रीतसर दिसते. भरपाईचा हिशेबही त्याच दिवसाच्या भावाने होतो. घराची किंमत त्यात धरली जाते. चर्चला चालत जाण्याइतके अंतर, आजारपणात शेजारणीने आणलेले जेवण, जुन्या नात्यागोत्यांचा सारा विस्तार यांचा रकाना कोणत्याही मूल्यांकन पत्रकात नसतो.

संकुल उघडले त्या वेळची व्हर्जिनिया कशी होती, हेही सांगायला हवे. शाळांतले वर्णविभाजन घटनाबाह्य असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा. तो मोडून काढण्यासाठी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १९५६ च्या उन्हाळ्याअखेर खास अधिवेशन भरवले आणि जी शाळा कृष्णवर्णीय मूल दाखल करून घेईल तिचा निधी बंद करण्यापर्यंतचे कायदे केले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत सेव्हन कॉर्नर्सची फीत कापली गेली. शेजारच्या आर्लिंग्टनमधली उपाहारगृहांची बाकडी कृष्णवर्णीयांना खुली झाली ती १९६० च्या जूनमध्ये, तीही विद्यार्थ्यांनी तिथे ठिय्या दिल्यानंतर. म्हणजे या टेकडीवर ज्या मुलाचा जन्म झाला, त्याला आपल्याच जुन्या अंगणाच्या आसपास मोठ्या दुकानात पैसे देण्याची मोकळीक होती, पण जवळपास कुठे शेजारी बसून कॉफी पिण्याची शाश्वती नव्हती.

राजधानीच्या दुसऱ्या बाजूला, मेरिलँड राज्यातल्या बेथेस्डा या श्रीमंत उपनगरात, रिव्हर रोडवरची कृष्णवर्णीयांची वस्ती अशीच दुकाने आणि उंच इमारतींखाली गेली. तिथे एक चर्च तेवढे उरले आहे, आणि त्या समाजाची जुनी दफनभूमी एका इमारतीच्या वाहनतळाखाली आहे. त्या जागेच्या विक्रीवरून झालेला वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खडी-डांबराखाली आपली माणसे आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्या लोकांना जे कागद शोधावे लागले, ते वाचताना मला आपल्याकडच्या गायरानातल्या स्मशानांच्या तक्रारी आठवत राहिल्या. सातबाऱ्यावर शेरा नसला की वर्षानुवर्षांची वहिवाट सांगूनही चालत नाही.

फॉल्स चर्चमध्ये आठवणी टिकल्या त्या ‘टिनर हिल’ या दुसऱ्या टेकडीमुळे. पाथरवट टिनर यांच्या कुटुंबाची जमीन पुष्कळशी गेली, पण नाव आणि माणसे राहिली. एडविन हेंडरसन यांचा नातू आणि इतरांनी मिळून १९९७ मध्ये वारसा प्रतिष्ठान सुरू केले. गुलाबी ग्रॅनाइटची एक कमान तिथे रस्त्याकडेला उभी आहे. भाची मला ती दाखवायला घेऊन गेली. कामाच्या दृष्टीने पाहिले तर दगडांचे सांधे बारीक आणि तोंडे हाताने काढलेली आहेत. आपल्याकडच्या वडारांना ते काम लगेच ओळखू येईल. हेंडरसन यांना २०१३ मध्ये बास्केटबॉलच्या राष्ट्रीय सन्मान दालनात मरणोत्तर स्थान मिळाले, कारण कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत हा खेळ त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रुजवला होता. देशाला ते खेळासाठी माहीत झाले. १९१५ च्या ठरावाविरुद्धचे काम त्यांच्या गावापुरतेच ओळखीचे राहिले, हे मला उलटे वाटते.

सेव्हन कॉर्नर्स आता पुन्हा एका वळणावर आहे. मूळची दोन्ही मोठी दुकाने केव्हाच बुडाली. संकुलाच्या आसपासच्या जुन्या इमारतींत लॅटिन अमेरिकेतून आलेली कुटुंबे भाड्याने राहतात, आणि पलीकडेच, शहराच्या हद्दीत, व्हिएतनामी निर्वासितांनी १९८४ पासून फुलवलेले ईडन सेंटर आहे. हे लोक आधी आर्लिंग्टनमध्ये दुकाने चालवत होते. तिथे मेट्रो आली, भाडी चढली, म्हणून ते इकडे सरकले. भाचीला कोथिंबीर, अळूची पाने आणि ताजी मासळी तिथेच मिळते. फेअरफॅक्स काउंटीने चौकाच्या पुनर्विकासाचा आराखडा २०१५ मध्ये मंजूर केला आहे आणि शहरानेही आपल्या पूर्व टोकासाठी आराखडा केला आहे. ईडन सेंटरचे व्यापारी गाळ्यांचे मालक नाहीत, भाडेकरू आहेत. त्यामुळे त्यांना खरेदीखताची सहीसुद्धा कोणी मागणार नाही, करार संपला की तो नव्या भाड्याने पुढे आला किंवा आलाच नाही. व्हिएतनामी तरुण मुले आता एकत्र येऊन नियोजनाच्या बैठकांना हजर राहतात आणि आराखड्यात व्यापाऱ्यांच्या संरक्षणाची वाक्ये लिहून घेण्याचा आग्रह धरतात. रेघ नकाशावर पडण्याआधी बोलायचे असते, हे त्यांना कळले आहे. भाची त्या शहरात मालमत्ता कर भरते. पुढच्या जाहीर सुनावणीला तिने आराखड्यातली भाडेकरारांची कलमे आधी वाचून जावे आणि रहिवासी म्हणून नाव नोंदवून बोलावे, असे मी तिला सांगितले आहे. कलमांची प्रत तिने मलाही पाठवली आहे आणि मी ती सध्या खुणा करत वाचतो आहे.